पेटीतली पाटी

लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेकॅनिकने बंद केलेल्या स्विचवर आपल्या नावाची पाटी टांगायची आणि वर आल्यावर ती स्वतःच काढायची, असा नियम होता. ढब्बू पाटी लावायला विसरला म्हणून लिफ्टखाली सापडून गेला, असं त्याच्या जोडीदाराने नऊ वर्षं सगळ्यांना सांगितलं. सांगता सांगता त्याला स्वतःलाही तेच आठवू लागलं होतं.

निवृत्तीनंतर हत्यारांची पेटी रिकामी करताना तळाशी ढब्बूची पाटी निघाली आणि जोडीदाराला खरं काय ते आठवलं. ढब्बू वर आला असेल असं धरून त्यानेच ती काढली होती, स्विचही त्यानेच दाबला होता.

पाटी घेऊन तो ढब्बूच्या घरी गेला. वहिनी मुलीवर करवादत होत्या.

"या भाऊजी, बरे आलात. ही बघा, आज पुन्हा किल्ल्या विसरली. अगदी बापावर गेलीय! विसरभोळेपणाने काय होतं, तुम्हीच सांगा हिला."

मुलीने मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

"वहिनी," पाटी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "ढब्बू विसरला नव्हता. पाटी मी काढली होती."