दुपारी उमललेलं फूल

थोरलीला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली, तेव्हा धाकटी बहीण तिला आपल्या घरी घेऊन आली. सोबत दोन पिशव्या कपडे, औषधं आणि एकतीस इवल्या कुंड्या. थोरलीने उद्यानाच्या काचघरात सव्वीस वर्षं काढली होती. कुंड्या हाच तिचा संसार. धाकटी घरीच शिवणकाम करायची. झाडांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

प्रत्येक कुंडीत वाटाण्याएवढ्या हिरव्या गोट्यांचा पुंजका होता. दोन जाड पानं जुळून एक झालेली, डोक्यावर बारीक चीर. सामान हलवताना नावाच्या पट्ट्या निघून एका पिशवीत गोळा झाल्या. कुठली पट्टी कुणाची, ते थोरलीलाच ठाऊक. आणि तिच्या तोंडून तर “ऊं” पलीकडे काही फुटत नव्हतं.

उन्हाळा लागला तशा गोट्या आक्रसल्या, तपकिरी झाल्या. वर कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा चढला. धाकटीला वाटलं, तहानेने वाळताहेत. ती सकाळ-संध्याकाळ मगाने पाणी घालू लागली. खाटेवरून थोरली डाव्या हाताने तो मग ढकलायची, मान हलवायची.

“ताई, तुझ्याच झाडांसाठी मरतेय ना मी? राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर कशाला?”

एकदा तर थोरलीने मग हिसकून जमिनीवर आपटला. धाकटीने फरशी पुसली, रडली आणि पुन्हा भरून आणला. गोट्या मऊ पडल्या, नासल्या, वास मारू लागल्या. जितक्या मरत, तितकं ती उरलेल्यांना जास्त पाणी घाली. उन्हाळा सरेपर्यंत तीस कुंड्या रिकाम्या झाल्या. एकतिसावी शिलाई मशीनमागे चिंध्यांत पडलेली सापडली. कोरडी ठणठणीत, पण पापुद्र्याखाली टणक.

त्याच आठवड्यात काचघराचे प्रमुख थोरलीला भेटायला आले. खिडकीतल्या रिकाम्या कुंड्या बघून त्यांचा चेहरा उतरला.

“पाणी कोण घालत होतं?”

“मीच. रोज दोन वेळा.”

ते स्टुलावर बसले. “अहो, ही थंडीत वाढणारी झाडं. उन्हाळ्यात झोपतात. तो पापुद्रा म्हणजे त्यांचं पांघरूण. झोपेत पाणी मिळालं की कुजतात.”

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली छताकडे बघत होती.

प्रमुखांनी पुढचं सांगितलं ते आणखी वाईट. यातलं एक झाड ज्या टेकडीवरच्या बियांचं होतं, ती टेकडी दगडाच्या खाणीने खाल्ली होती. काचघरातली त्याची रोपं किडीने गेली. शेवटचं थोरलीकडे होतं.

“मग हे तेच असेल!” धाकटीने कुंडी पुढे केली. “बघा ना नीट!”

त्यांनी भिंग लावलं. “पापुद्र्यात काही कळत नाही. आणि त्याची एक जुळी जात आहे, अगदी साधी, कुठेही मिळते. ठिपके तसेच, चीरही तशीच. फरक फक्त फुलात. साधीचं गुलाबी, भरदुपारी उमलतं. आपल्याला हवं ते पांढरट, दिवसभर मिटून राहतं, संध्याकाळी उघडतं.”

कुंडी थोरलीपुढे धरली. तिने बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. तिलाही ओळखता येत नव्हतं.

हवा गार झाली तेव्हा प्रमुखांना फोनवर विचारत विचारत धाकटीने ड्रॉपरने पहिलं पाणी दिलं. मोजून बारा थेंब. आठवड्याने पापुद्रा फाटला, आतून हिरवी गोटी वर आली, ठिपके प्रमुखांनी सांगितले होते तसेच. मग चिरेतून कळीचं टोक डोकावलं. धाकटीचं शिवणात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तिने दोन्ही बाह्या उजव्या लावल्या.

कळी टपोरी झाली त्या दिवशी प्रमुख सकाळीच आले. थोरलीची खाट खिडकीपाशी ओढली आणि तिघंही तिथे बसली. दहा वाजले. कळी मिटलेली. अकरा वाजले, तरी मिटलेली. धाकटी हात जोडून पुटपुटत होती, “उघडू नकोस. माझी आई, उघडू नकोस.” ऊन कुंडीवर आलं तशी तिने परकर पसरून आडोसा केला.

“अहो, त्याने काय होणार?” प्रमुख हळूच म्हणाले.

साडेबाराला पाकळ्या सैल झाल्या. बघता बघता फूल ताटलीसारखं पसरलं. लख्ख गुलाबी.

प्रमुखांनी भिंग खिशात टाकलं. “साधीच,” एवढंच म्हणाले. मग चपला घालून निघून गेले.

धाकटी खाटेशी कोसळली. “ताई, तू सांगत होतीस गं. रोज सांगत होतीस. मीच मारलं!”

थोरलीचा डावा हात उठला. धाकटीला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तिने गाल पुढे केला. थोरलीने तिची वेणी पकडली आणि लहानपणी ओढायची तशी, अंगातलं सगळं बळ एकवटून खाली खेचली. धाकटीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने मान सोडवून घेतली नाही.

शर्टवालं गिऱ्हाईक आलं, कडी वाजवून वाजवून परत गेलं. थोरलीने वेणी सोडली नव्हती.