मंगळवारी येणारा रंग

मी एक जुने इंजिन आहे. जुन्या इंजिनाने कसले आत्मवृत्त सांगायचे, असे तुम्हाला वाटेल. धूर, तेल आणि खोकला, संपली गोष्ट. पण मित्रांनो, माझा दुसरा जन्म झाला आहे. त्या दुसऱ्या जन्माच्या दिवसांत मी इतके उतावीळ झाले होते की भर गारठ्यातही पहिल्या किल्लीला सुरू व्हायचे.

पहिला जन्म साधाच होता. लिंकनशायरच्या सपाट मुलखात पॉलीनबाईंची एक छोटी मोटार होती, तिच्यात मी होते. बाजारहाट, कुत्र्याचा डॉक्टर आणि त्यांच्या लेकीची, ब्रायनीची शाळा, एवढेच माझे जग. ब्रायनी मागच्या सीटवर बसून माझ्या आवाजाची नक्कल करायची आणि मला ते फार आवडायचे. पण हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने मोटारीचा पत्रा खालून खाल्ला आणि एक दिवस पॉलीनबाईंच्या पायाखालून रस्ता दिसू लागला. गाडी भंगारात निघाली. मी मात्र ठणठणीत होते.

पॉलीनबाईंचे यजमान नेव्हिल साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. या मुलखात अनेकांना एक नाद असतो. लोखंडी सांगाडा आणि फायबरची बॉडी खोक्यांतून घरी मागवायची, इंजिन जुन्या गाडीचे घ्यायचे आणि आपल्या गॅरेजात आपल्या हाताने मोटार बांधायची. नेव्हिलना हा नाद तरुणपणापासून होता, सवड आता मिळाली. मला साखळीला टांगून त्यांनी बाहेर काढले, तेव्हा पॉलीनबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या.

"माझ्या गाडीचं काळीज काढून घेतलंस तू," त्या म्हणाल्या. "निदान नव्या गाडीत मला बसव तरी."

"दोनच सीटा आहेत गं."

"मग तू चालत ये."

ब्रायनी आता मोठी झाली होती, लीड्सला नोकरी करत होती. दर रविवारी ती येई, अंगात बापाचा जुना डगला चढवी आणि दोघे कामाला लागत. दोघांत फारसे बोलणे नसे. पाना दे, दिवा धर, इतकेच. तरी त्या रविवारची मी आठवडाभर वाट पाहत असे, कारण त्या दिवशी गॅरेजात नेव्हिल शीळ घालत.

सांगाड्यावर चाके आणि सुकाणू बसले की बॉडी चढवण्याआधी तो तसाच उघडावाघडा फिरवून बघायचा, ही इथल्या बांधणाऱ्यांची रीतच आहे. सीट नव्हती, म्हणून नेव्हिलनी दुधाच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उलटा ठेवला आणि त्यावर बसून अंगणातल्या वाटेवरून मला पुढे-मागे नेले. मला चार वर्षांनी वारा लागला होता. मी अशी काही डरकाळी फोडली की शेजारच्या म्हाताऱ्याने पडदा सारून पाहिले. ब्रायनी हसून हसून जमिनीवर बसली.

मग बॉडी आली. कच्चे फायबर, दुधाळ पांढरे, त्याला रंग द्यायचा होता. बॉनेट एकदा माझ्यावर टेकवून पाहिले, नीट बसले, आणि सगळे सामान डेस्मंडकडे रवाना झाले. डेस्मंड गावाबाहेरच्या एका जुन्या चॅपेलमध्ये, म्हणजे बंद पडलेल्या छोट्या चर्चमध्ये, मोटारी रंगवतो. हात सोन्याचा. कधी होईल, असे विचारले की त्याचे एकच उत्तर असे.

"मंगळवारी."

कोणत्या मंगळवारी, हे तो कधी सांगत नसे. हवेत ओल आहे, रंगाला डाग पडतील, घाई केलीत तर तुम्हीच पस्तावाल, असे तो सांगायचा आणि ते खरेही असायचे. आमचा मुलूख दलदलीचा, धुक्याला तोटा नाही.

मला तर चैन पडेना. मला कोणता रंग मिळणार? डेस्मंड नमुने चमच्यांवर रंगवून द्यायचा, गोलाव्यावर रंग खरा दिसतो म्हणून. नेव्हिलनी ते माझ्या डोक्यावरच्या तारेला टांगले. गडद हिरवा, विटकरी, आभाळी आणि मोहरीच्या शेतासारखा पिवळाधमक. नेव्हिलना हिरवा हवा होता, ब्रायनीला पिवळा. मीही पिवळ्याच्या बाजूने होते, पण मला विचारतो कोण? शेवटी पिवळा ठरला. पॉलीनबाईंना आपले चमचे कुठे गेले ते त्याच रविवारी कळले, कारण कस्टर्ड डावाने खावे लागले.

तेवढ्यात ब्रायनीला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली. सप्टेंबर संपता संपता जायचे होते. सगळे आनंदले, नेव्हिलही आनंदले, पण त्यांची शीळ बंद झाली. जाण्याआधी दोघांनी या गाडीतून एकदा तरी फिरायचे, असे ठरले. सरकारी तपासणीशिवाय रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून गावातल्या शेतकरी थर्लबीबाईंच्या शेतातली जुनी धावपट्टी मागून घेतली. युद्धात तिथून विमाने उडायची, आता तिथे साखर कारखान्यात जाणाऱ्या बीटचे ढीग पडतात. फक्त रंग तेवढा यायचा होता.

आणि मित्रांनो, घोटाळा झाला तो याच वाट पाहण्यात. नेव्हिलचे हात शिवशिवत होते. ब्रायनीने वाढदिवसाला त्यांना दोन देखणे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून मला पाजणारी यंत्रे, दिले होते, त्यावर उभे एअर फिल्टर. बसवायला काही हरकत नव्हती, नाहीतरी रिकामेच बसलो आहोत, असे म्हणून त्यांनी ते माझ्यावर चढवले. जुना बसका कार्ब्युरेटर स्कॉटलंडमधल्या एका बांधणाऱ्याला पोस्टाने देऊन टाकला. माझा आवाज असा काही खुलला की मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. मी उंच झाले आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

ब्रायनी सोमवारी जायची होती. आधीच्या शनिवारी डेस्मंडचा टेम्पो दारात थांबला.

"मंगळवारच्या तीन दिवस आधी आणलीय," तो म्हणाला. "आता तरी नावं ठेवू नका."

काय तो रंग! गॅरेजात ऊन आल्यासारखे झाले. नेव्हिलनी हातमोजे घातले, एका माशीला हाकलले, आणि चौघांनी मिळून बॉडी सांगाड्यावर उतरवली. एकेक बोल्ट बसला. शेवटी बॉनेट. ते हळूहळू माझ्यावर आले आणि माझ्या डोक्याला टक्क करून टेकले. पुढे हलेना. खाली चांगली चार बोटांची फट उरली होती.

पॉलीनबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. नेव्हिल नुसते त्या फटीकडे बघत राहिले. त्यांची मान हळूहळू खाली गेली. मला इतके वाईट वाटले की सांगता येत नाही. डोके आत ओढून घेता आले असते तर घेतले असते.

"डॅड, बॉनेट राहू दे," ब्रायनी म्हणाली. "उद्या तसंच जाऊ."

"तसंच तर आपण दुधाच्या क्रेटवर फिरलोय." नेव्हिल म्हणाले. "तू जायच्या आधी तुला ती पूर्ण दाखवायची होती मला."

"दुसरं बॉनेट मागवा," डेस्मंड म्हणाला. "मी रंगवून देतो."

"मंगळवारी?" पॉलीनबाईंनी विचारले. डेस्मंडने ट्रेवरचा चहा उचलला.

नेव्हिलनी फळीवरून चिकटपट्टी काढली आणि त्या आरशासारख्या पिवळ्या रंगावर तिचा एक चौकोन चिकटवला. डेस्मंडला कळले. तो म्हणाला, मी बाहेर उभा राहतो, मला हे बघवणार नाही, आणि चहा घेऊन खरेच बाहेर गेला. नेव्हिलनी भोक पाडले, बारीक करवत आत घातली आणि दोन बाजू कापल्या, सरळ, रेघ मारल्यासारख्या. मग त्यांनी करवत लेकीपुढे धरली.

"उरलेलं तू काप."

"माझा हात वाकडा चालतो, डॅड."

"चालू दे."

तिच्या बाजू खरोखरच वाकड्या गेल्या. एका कोपऱ्यात रंगाचा टवका उडाला, तेव्हा तिने डोळे मिटले. नेव्हिलनी फुंकर मारून भुकटी उडवली. बॉनेट पुन्हा खाली आले, माझे डोके त्या भोकातून अलगद वर निघाले, आणि कडी बसली. मित्रांनो, बॉनेटखाली इंजिनाला नेहमी अंधारच असतो. मला मात्र गॅरेजचे छप्पर दिसत होते, दिवा दिसत होता, तारेला लटकलेले चमचे दिसत होते.

रविवारी आम्ही धावपट्टीवर गेलो. टेम्पोतून उतरवल्यावर मी पहिल्या किल्लीला सुरू झाले, त्यात नवल नाही. आधी ब्रायनीने चालवले. शेजारी नेव्हिल टोपी धरून बसले होते आणि वेग वाढला तसे ओरडून गाऊ लागले. दोन्हीकडे काळी नांगरलेली जमीन, वर केवढे तरी आभाळ, आणि ते सगळे आभाळ मला दिसत होते. मी आयुष्यात इतक्या जोरात धावले नव्हते. मागे वळताना ब्रायनीने तोंडाने माझ्या आवाजाची नक्कल केली, लहानपणी करायची तशीच. मग नेव्हिलनी चालवले. मग पॉलीनबाई पुढे झाल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, उतर आता, चालत ये. आणि ते खरेच चालत आले.

सोमवारी सामान टॅक्सीत भरले गेले. दारात नेव्हिलनी लेकीला विचारले, परत कधी येशील?

"मंगळवारी," ती म्हणाली.

सगळे हसले. नेव्हिलही हसले आणि डोळे पुसायला गॅरेजात माझ्याकडे आले.

पुढे तपासणी पार पडली, भोकाच्या कडेला रबर लावून घ्या असे सांगितले, ते लावले. आता मी रस्त्यावर धावते. डेस्मंड कितीदा म्हणाला की त्या भोकावर छान उंचवटा करून देतो, कोणाला कळणारही नाही. नेव्हिल ऐकत नाहीत. गाडी सुरू करण्याआधी ते त्या वाकड्या कडेवरून एकदा अंगठा फिरवतात. पाऊस आला की पॉलीनबाई माझ्या डोक्यावर एक जुने पातेले उपडे ठेवतात.

मित्रांनो, आम्हाला जपा. तेल बदला, पाणी बघा, हिवाळ्यात मीठ धुऊन काढा. पण जपायचे म्हणून झाकून ठेवू नका. आपले माणूस जाणार असेल तर रंग खरवडला तरी चालेल, त्याला एक फेरी मारून आणा.

ब्रायनी अजून आलेली नाही. ती फोन करते, तेव्हा नेव्हिल फोन त्या भोकाशी धरतात आणि मी तिला माझा आवाज ऐकवते. कोणता मंगळवार, ते तिनेही सांगितलेले नाही. पण रंग आला होता की नाही? तसा तोही येईल. मी पहिल्या किल्लीला तयार आहे.