मू पॉचा जीव

मू पॉ पार वाळून गेली होती. पोरं शाळेतून यायची तेव्हा ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. डॉक्टरच्या गोळ्यांनी झोप यायची, पण घास काही घशाखाली उतरत नव्हता. अमेरिकेतल्या सेंट पॉलच्या त्या इमारतीत बहुतेक सगळी बिऱ्हाडं ब्रह्मदेशातल्या लढाईतून पळून, निर्वासित छावण्यांतून आलेल्या कॅरेन लोकांचीच, मग असली गोष्ट लपते कुठे?

दर शनिवारी तळमजल्यावर बायका विणायला आणि मन मोकळं करायला जमायच्या. त्यांचा गट चालवायची एह सो. तिने समुपदेशनाचं शिक्षण घेतलेलं. तीच म्हणाली, "गोळ्या चालू ठेव. पण थू मेह मावशीलाही बोलावू."

भ्यायलेल्या माणसाचा जीव अंगातून निसटतो आणि भ्याला त्या जागीच बसून राहतो, हे कुठल्याही कॅरेन बाईला सांगावं लागत नाही. तो परत बोलवायचं काम मावशीचं. शनिवारी सगळ्याजणी मू पॉच्या घरी जमल्या. भात, केळी आणि परतलेला जीव मनगटाला बांधून ठेवायचा पांढरा दोरा मांडून झाला. मावशीने दार सताड उघडलं आणि लाकडी पळी उंबऱ्यावर ठोकायला सुरुवात केली.

"खालचा म्हातारा तक्रार करेल हं," कोणीतरी म्हणालं.

"करू दे. त्याचा हरवला असेल तर त्याचाही बोलावते." मावशी मू पॉकडे वळली. "कुठून बोलावू, पोरी? छावणीतून?"

मू पॉने नाही म्हणून मान हलवली.

"गावातून?"

"नका बोलावू, मावशी." तिने हात मागे घेतला. "नदीवर आहे तो. थोरलीपाशी."

थोरली तापाने गेली, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्यालाही तिने तेच सांगितलं होतं.

"होडीत रडायला लागली. काठावर शिपाई होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्या तोंडावर हात दाबला. पलीकडे पोचेपर्यंत काढलाच नाही. वाळूत पुरली तिला. माझा जीव तिथं बसलाय. तो उठून आला तर ती एकटी पडेल. सहा महिन्यांची आहे हो ती."

एह सोने मू पॉला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या.

मावशीने पळी मांडीवर ठेवली. म्हणाली, "माणसाला काय एकच जीव असतो? सदतीस असतात. एक राहू दे तिच्यापाशी. बाकीचे बोलावते. इथल्या पोरांनाही आई लागते."

मू पॉने डोळे पुसले आणि हात पुढे केला. मावशी दोरा बांधायला लागली, तेव्हा मू पॉ हळूच म्हणाली, "एक पुरेल का तिला?"

मावशी दोऱ्याला गाठ मारत राहिली.