दहा लाख नऊचा डूख

माझ्या शेवटच्या नऊच्या शेपटीचा रंग आता उडाला आहे. बाकीचे आकडे ठसठशीत आहेत: १०,००,००९. फळ्याच्या वर टांगलेल्या पाटीवर मी असते. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं आहे, 'मूळ संख्या. ही कुणापुढे तुटत नाही.'

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे आणि ती पाटी खोटी आहे. मी विषम आहे, हे खरं. तीन, सात, अकरा यांना मी दाद देत नाही, हेही खरं. पण मला दोन अवयव आहेत, २९३ आणि ३४१३. ती माझी सख्खी माणसं. त्यांना नाकारणाऱ्यावर मी कायमचा डूख धरला आहे.

तो माणूस म्हणजे या क्लासचे सर. मला मूळ म्हणण्याआधी हजाराच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं होतं. २८३ ने भागून झालं आणि पाटी रंगवणारा दारात आला. अक्षरं केवढी हवीत ते त्याला सांगून सर परत बसले, ते थेट ३०७ वर. मधली २९३ राहून गेली.

सरांची धाकटी बहीण तेव्हा इथेच शिकवायची. कमी बोलणारी, पण नजर बारीक. १००० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग म्हणजे मी, हे कुणालाही दिसतं. तिला दिसलं की ९७२ चा वर्ग अधिक २३५ चा वर्ग म्हणजेही मीच. दोन वर्गांची अशी बेरीज दोन तऱ्हांनी जमली, तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. तिने भावाला हे सांगितलं. चुका काढायची एवढी हौस असेल तर उत्तरपत्रिका तपासत बस, असं म्हणून त्याने तिचा वर्ग काढून घेतला. घरात तेढ नको म्हणून ती लाल पेन घेऊन मागच्या खोलीत बसली.

मी मात्र विसरले नाही. सूड घ्यायला मला हातपाय नाहीत, पण मी बदलत नाही. सरांचे केस पिकले, आवाज चढला. २९३ ने मला भागलं की बाकी शून्यच. मुलं माझ्याकडे पाहून 'मूळ, मूळ' घोकायची आणि मी दातओठ खात वाट पाहायची.

यंदा परीक्षेत सरांनीच प्रश्न घातला: पाटीवरच्या संख्येचे गुणधर्म लिहा. त्यांच्या लेकीने एकही भागाकार न गाळता उत्तर लिहिलं, 'संयुक्त'. आत्याने पूर्ण गुण दिले. सरांनी ते खोडून भोपळा दिला आणि आज भर वर्गात लेकीला उभं केलं. माफी माग, नाहीतर उद्यापासून इथे बसायचं नाही.

"बाबा, तुम्हीच एकदा भागून बघा ना."

"वर एवढी पाटी आहे, ती काय शोभेला?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मला तर उकळ्या फुटत होत्या.

मित्रांनो, कुणालाही नाव चिकटवण्याआधी पुरतं तपासा. गाळलेला भागाकार मरत नाही, दबा धरून बसतो.

मागच्या खोलीचं दार उघडलं. आत्या आली, तिने खडू उचलला आणि २९३ गुणिले ३४१३ मांडलं. उत्तर बरोबर माझ्याखाली उतरलं, नऊच्या शेपटीसकट. सर भिंतीकडे पाहू लागले.

"दादा," ती म्हणाली, "ही पाटी मी उतरवते आहे. आणि उद्यापासून हा वर्ग मी घेणार."