पलतडी

"वयनी, बांद फुटलो."

मोरेश्वरचा आवाज ऐकताच प्रभाबाईंनी गॅस बंद केला. मे महिन्यातलं ते वादळ होऊन बरेच दिवस लोटले होते. तिकडे वीज नव्हती, टॉवर आडवे झाले होते, आणि इकडे आयर्लंडमधल्या ओंगारला मुलाच्या घरी त्या रोज दिराला नि जाऊ वसुधाला फोन लावून पाहत होत्या. आज दिराचाच आला.

"माणसा?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"माणसा बरी आसत. पण बावीत खारा पाणी शिरला. वसुधा होडयेतसून पाण्याचे कॅन हाडता. तिचे गुडघे तुका म्हायत आसत." तो घुटमळला. "सगळे पलतडी जावक तयार आसत. शाळेच्या मागे जागा गावता. पण तुझा घर थोरला. तू हो म्हटल्याशिवाय कोण हलूचो नाय."

"बांद परत घालूक नाय जमाचा?"

"कोण घालतलो, वयनी? म्हातारीच उरलंव."

"उद्या सांगतंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मालवणकडच्या एका खाडीच्या मधोमध त्यांचा जुवा, म्हणजे छोटंसं बेट, होता. माडांची दाटी, थोडी भातजमीन, मोजकी घरं आणि भोवती मातीचा बांध. चहूकडे खारं पाणी, तरी मधल्या विहिरीला गोडं पाणी लागलं, म्हणून नवऱ्याच्या पणज्याने तिथे चूल मांडली. समोरच्या किनाऱ्याला जुव्यावरची माणसं 'पलतडी' म्हणत. दवाखाना पलतडी, बाजार पलतडी. निजायला मात्र जुव्यावर.

नवरा गेल्यावरही प्रभाबाई तिथेच राहिल्या. मागच्या वर्षी फेब्रुवारीत जयेशच्या आग्रहाखातर तीन महिन्यांसाठी आयर्लंडला आल्या आणि लॉकडाऊनमध्ये अडकल्या. दुसरा उन्हाळा आला तरी परतीचं काही जमेना.

संध्याकाळी जयेश औषधांच्या कारखान्यातून आला. सून गिरिजाने त्याला सगळं सांगितलं. तो आईला घेऊन कॅनॉलवर फिरायला गेला.

"आई, आता तरी इथेच राहा. तिकडे आहे काय?"

प्रभाबाई पाण्याकडे बघत राहिल्या. "ह्या पाणी चडणा नाय, उतारणा नाय," त्या म्हणाल्या.

"आई."

"तू पोटात होतंस तेव्हा असोच बांद फुटलेलो. सगळो जुवो चिखलात. माका सासूबाई म्हणाल्यो, तू बस. मी बसलंयच, बसान चिखलाच्यो पाटयो फुडे देत रवलंय. वसुधा नवी नवरी. हातावरची मेंदी गेली नव्हती तिची, पण सगळ्यांच्या फुडे होती. तेव्हा कोणाक वाटूक नाय, जाऊया म्हणान."

"तेव्हा तुम्ही तरुण होतात."

"तांच तर मोरेश्वर सांगता."

परतताना जयेशने आईचा हात धरला. वर्षानुवर्षं विसरल्यासारखी झालेली बोली एकदम त्याच्या तोंडी आली.

"आये, माका पण जाऊचा होता गो एकदा. कौमुदीक दाखवूचा होता."

प्रभाबाईंनी त्याचा हात नुसता दाबला.

घरी कौमुदी आजीला बिलगली. तिला मराठी कळे, बोलणं मात्र तिथल्या इंग्रजीतच; 'ठीक आहे'ला ती 'ग्रँड' म्हणे. "आजी, इट्स ग्रँड. यू कॅन हॅव माय रूम."

आजी हसल्या.

सकाळी त्यांनीच फोन लावला. "जावा तुम्ही. गोड्या पाण्याशिवाय माणूस कसो रवतलो? वसुधाक आता कॅन उचलूक देव नको."

मोरेश्वर म्हणाला, "तुझा सामान?"

"देव तेवढे घेऊन जा. बाकी रवांदे."

निघायच्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल केला. अंगण दाखवलं, गाळाने भरलेली शेतं दाखवली. विहिरीपाशी वसुधा उभी होती. तिने काठावर फुलं ठेवली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. शेवटी मोरेश्वर प्रभाबाईंच्या दारापाशी आला.

"कुलूप घालू?"

"नको. नुसता लोटून घे. खाडयेत कोण वाऱ्यापावसात गावलो तर खंय जातलो?"

त्याने दार लोटलं. मग होडीत चढताना फोन तसाच चालू ठेवून खिशात घातला असावा. पडदा काळा झाला.

"आई, कट कर," गिरिजा हलकेच म्हणाली. "काही दिसत नाहीये."

प्रभाबाईंनी फोन कानाशी नेला. वल्ह्याचा आवाज येत होता, पाणी कापत जाणारा. मध्येच वसुधाचं हुंदकणं. मग पुन्हा वल्हं. चहा निवला, कौमुदी शाळेला गेली, तरी त्या खुर्चीच्या कडेवर तशाच बसून होत्या. खूप वेळाने काठावरून कुणीतरी हाकारलं, "इले गे, इले!" आणि होडी वाळूला लागल्याचा खरखर आवाज झाला.

"उतारलंव," प्रभाबाई म्हणाल्या, आणि मग फोन खाली ठेवला.