संघ हरेपर्यंत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दौलतच्या कंपनीला कारगिलकडे निघायचा हुकूम आला. कंपनी गेली, दौलत राहिला. कुलाब्याच्या तळाचा फुटबॉल संघ स्पर्धेत होता, आणि संघ हरेपर्यंत खेळाडूंना हलवायचं नाही असा मोठ्या साहेबांचा शब्द होता. माझा नवरा त्या संघाचा गोलकीपर. परळच्या चाळीत कबड्डी खेळून वाढलेला, अंग टाकायला भीत नसे.

दर रविवारी आठ महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन मी गेटवर पास दाखवायचे आणि घरच्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांत, दोरीच्या अलीकडे बसायचे. बाकीच्या बायका चेंडू बघायच्या, मी दौलतला. पेनल्टी आली की तो आधी दोन्ही खांबांना तळहात लावायचा, मग मारणाऱ्याच्या पायावर नजर ठेवून थांबायचा. चेंडू सुटल्याशिवाय हलायचाच नाही. असे तीन सामने जिंकले. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचे, चला, अजून आठ दिवस.

चूक माझ्याकडून झाली, आणि तीही नळावर. दोन खोल्या सोडून राहणाऱ्या दुर्गाचा भाऊ कुशाबा दौलतच्याच कंपनीतला. तो वर कारगिलला गेल्यापासून पत्र नव्हतं. तिने विचारलं, तुझ्याकडे काही खबर? मी दादरच्या घरात वाढलेली, लग्न होऊन दीड वर्षच झालेलं, या चाळीचं जुनं मला काय ठाऊक. मी सरळ म्हणाले, "आमचे आत आहेत तोवर काळजी नाही. संघ हरेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही."

दुर्गाने बादली उचलली. "हां. त्याचा बाप पण आतच होता."

घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता त्यांनी सांगितलं. ब्याऐंशीच्या संपात माझे सासरे, बुधाजी, कामावर गेले होते. दहा वर्षांच्या दौलतला टायफॉइड झाला होता, औषधाला घरात काही नव्हतं. कामावर आलेल्यांना मालकांनी दीड महिना मिलमध्येच ठेवलं, तिथेच जेवण, कापड विणायच्या सांच्यांच्या मधे खाटा. बाहेर आल्यावर त्यांना कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त तेव्हापासून चाळीत मयत झालं की त्यांना खांदा देऊ देत नाहीत. ते जातात, तिरडीजवळ उभे राहतात, पुढे होतात, तेवढ्यात दुसरा कुणीतरी पुढे होतो. सतरा वर्षं झाली. मिल पुढे बंदच पडली, संपवाले आणि हे सगळे सारखेच घरी बसले, पण ते काही सुटलं नाही. आणि दौलत 'आतल्याचा पोरगा'. वर्षभर त्याला कबड्डीतही कुणी घेतलं नव्हतं.

दौलतला यातलं काही सांगू नकोस, असं त्या म्हणाल्या. मी नाहीच सांगितलं. पण शनिवारी तो सुट्टीवर आला तेव्हा जिन्यातच त्याला कळलं असणार. जेवण झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, नळावर तू असं म्हणालीस का. मी हो म्हणाले. मग न राहवून म्हणाले, "तुम्ही काय पळून आलात का? हुकूमच आहे तसा."

"बाबांनाही हुकूमच होता," तो म्हणाला. "माझ्या तापाचा."

मुलीला खांद्यावर घेऊन तो बराच वेळ गॅलरीत फेऱ्या मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. एक-एक अशी बरोबरी, शेवटची पाच मिनिटं, आणि समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. दौलतने दोन्ही खांबांना तळहात लावले. मग त्याने खुर्च्यांकडे बघितलं, आम्हाला शोधलं. मारणारा अजून धावतच होता, तेव्हा दौलतने डावीकडे झेप घेतली. चेंडू उजवीकडून सावकाश आत गेला.

बिचाऱ्याचा अंदाज चुकला, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली. त्या मोसमात दौलतने एकदाही अंदाज केला नव्हता.

तो नळाखाली हात धूत होता, तिथे जाऊन मी विचारलं, "आधीच का उडी मारली?"

"चिखल होता," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी कुणाला सांगणार होते? साहेबांना सांगितलं तर त्याच्यावर चौकशी बसली असती, सासऱ्यांना सांगितलं तर ते खचले असते. घरी आल्यावर एवढंच सांगितलं, हरलो.

मंगळवारी तो निघाला. त्याची ट्रंक सासऱ्यांनीच उचलली, कुणाचं ऐकेनात. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर भिवाकाका बाहेर आले. संपाच्या वेळी कामावर जाणाऱ्यांना अडवायला मिलच्या गेटवर बसणाऱ्यांतले ते. त्यांनी ट्रंकेची दुसरी कडी धरली. सासरे क्षणभर थांबले, मग दोघं एका चालीने पायऱ्या उतरले. रस्त्यावर आल्यावर दौलतने त्यांच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा इतका हलका झालेला मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेले, रांगेच्या शेवटी उभी राहिले. दुर्गाने मागे वळून बघितलं आणि नळाखालची आपली बादली बाजूला ओढली.

"ये, तू भर आधी," ती म्हणाली. "तुझापण गेला ना."

बायकांनी वाट करून दिली. हा नंबर मला नको होता, पण तसं तिथे म्हणता येत नव्हतं. मी बादली लावली. ती भरली, पाणी काठावरून माझ्या पायांवर यायला लागलं. मागे एवढी रांग, तरी नळ बंद कर असं एकही जण म्हणेना.