कालिंदीच्या कानावरून उतरलेला हेडसेट

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. बंगलोरच्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि कलकत्त्याच्या एका ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडणाऱ्या बायकांच्या कानांवर, माझी उमेदीची वर्षं गेली. कानाला काळी वाटी, तोंडाशी एक शिंग आणि डोक्यावरून पोलादी पट्टी, एवढंच माझं रूप.

फोन जोडायच्या एका बोर्डाला एक हेडसेट, अशी तिथली रीत होती. सकाळच्या पाळीत मला प्रेमलता घाली, दुपारच्या पाळीत कालिंदी. प्रेमलता चांगलीच होती, पण माझा जीव कालिंदीवर. ती बालीगंजमधल्या मराठी घरातली, कलकत्त्यातच वाढलेली. दिवसभर बंगाली, हिंदी, इंग्रजी बोले. पण मुंबईची लाइन लागली आणि पलीकडे कुणी मराठी ऑपरेटर भेटली, की तिचा आवाजच बदलायचा. "नमस्कार बाई, कलकत्ता बोलतेय. जेवलात का?" हे मराठी तिच्या ओठांवरून थेट माझ्यात यायचं. ते माझं एकट्याचं आहे, असं मला वाटे.

मग अणिमादी आली. पलीकडच्या बोर्डावरची अणिमा सरकार, सगळ्यांची 'दी' म्हणजे ताई, युनियनची कार्यकर्ती. चहाच्या सुट्टीत कालिंदी मला गळ्यात अडकवूनच बाहेर पडायची, आणि अणिमादी तिच्या शेजारी येऊन बसायची. मला ते मुळीच खपत नसे.

त्या उन्हाळ्यात प्रेमलता रजेवर गेली. तिच्या कानातून पू येत होता. आधी आणखी काही जणींना हाच त्रास झाला होता. दुसऱ्याचा हेडसेट वापरू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. सुपरवायझरसाहेब म्हणाले, "सरकारने हेडसेट बोर्डाला दिलाय, माणसाला नाही."

"प्रत्येकीला स्वतःचा हेडसेट, ही मागणी लावून धरायची," अणिमादी कालिंदीला म्हणाली. "तू सभासद हो. दुपारच्या मुली तुझं ऐकतात."

"मी अजून कायम झालेले नाही, अणिमादी. बाबा म्हणतात, सरकारी नोकरीत मान खाली घालून राहावं."

"प्रेमलता कायम आहे. तिच्या कानाला त्याचा काय उपयोग झाला?"

दुसऱ्या दिवशी ती सभासद झाली आणि माझे सुखाचे दिवस संपले. आता सुट्टीत ती या बोर्डावरून त्या बोर्डावर हिंडे. कुणाला समजावी, कुणाची भीती काढी. ज्या आवाजावर माझा हक्क होता, तो ती सगळ्यांना वाटत सुटली. गेटावर सभा झाली तेव्हा तर तिच्या हातात पत्र्याचा भोंगा आला. मी तिच्या गळ्यात होतो, आणि तिचे ओठ त्या भोंग्याला! माझ्यातून ती एका वेळी एकाशीच बोले. त्याच्यातून साऱ्या गेटाशी. मग ती बंगालीत ओरडली, "बोर्ड सरकारचा आहे, कान आमचे आहेत!" टाळ्या पडल्या. मी जळून खाक झालो.

साहेब ऐकेनात. तेव्हा एका दुपारी, फोनची गर्दी ऐन रंगात असताना, कालिंदी उभी राहिली. तिने मला उतरवून बोर्डावर ठेवलं. पाठोपाठ सगळ्यांनी आपापले हेडसेट उतरवले. बोर्डांवरचे दिवे लुकलुकत राहिले. उचलायला कुणी नव्हतं. असा अपमान माझा कधी झाला नव्हता.

साहेब धावत आले. "घाला ते कानाला! कायम व्हायचं नाही का तुम्हाला?"

कालिंदीने मला बोर्डावर आणखी मागे सारलं. "व्हायचंय साहेब," ती म्हणाली. "पण बहिरी होऊन नाही."

दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं. तिच्या खुर्चीवर दुसरीला बसवू लागले, तर कुणीही बसेना. खुर्ची रिकामी, मी खुंटीला. गेटावर रोज सभा. कानात कापूस घातलेली प्रेमलताही रजेवर असताना तिथे येऊन उभी राहायची. मी मात्र मनात म्हणत होतो, युनियनपायीच गेली ना माझी कालिंदी!

पण मित्रांनो, युनियननेच तिला परत आणलं. पावसाळा सरला तसं वरच्या कचेरीने मागणी मान्य केली आणि कालिंदीलाही कामावर घेतलं. नव्या हेडसेटांचे खोके उघडले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नाव. आम्हा जुन्यांना पेटीत भरत होते. मी वाट पाहिली, की ती मला मागून घेईल. तिने मला उचललं, क्षणभर पाहिलं आणि पेटीत ठेवलं. नव्यावर 'कालिंदी' लिहिलेलं होतं. माझ्यावर जन्मभर नुसता बोर्डाचा नंबर.

ती आपला घालायच्या आधी प्रेमलताकडे वळली. "घाल ना. हा तुझा एकटीचा आहे."

प्रेमलताने भीत भीत वाटी दुखऱ्या कानाला लावली. थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "येतंय गं. बारीक येतंय, पण येतंय."

पेटीचं झाकण लागलं. त्यानंतर मी अडगळीच्या खोलीतच आहे, आणि त्या नव्याचा हेवा मला आजही वाटतो. आम्हा वस्तूंना हेवा करण्यापलीकडे काही करता येत नाही. तुम्हाला येतं. म्हणून एवढं ऐका. आपापल्या वस्तू स्वच्छ ठेवा, कानांना जपा. आणि शेजारी बसणाऱ्याचा कान दुखू लागला, तर 'तो त्याचा कान आहे' असं म्हणून आपल्याच कामात मान घालून बसू नका.